पावसाआधी एक रात्र मेन स्विच बंद ठेवून बघा

प्रश्न: माझे सासू-सासरे दापोली तालुक्यात गावच्या घरी राहतात. सासरे ७४ वर्षांचे आहेत, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावतात. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. पावसाळ्यात तिकडे लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. यंदा आम्ही पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं: १०२४ वॅट-अवर, लिथियम फॉस्फेट बॅटरी, १८०० वॅटचं. खोक्यावर लिहिलंय, सीपॅप २० तास चालेल, फ्रिज १० तास. सासरे विचारतात, विहिरीचा पंप चालेल का? अमेरिकेतले दीर म्हणतात, येताना आणखी एक स्वस्तात आणतो. गावी नेऊन ठेवण्याआधी हे यंत्र वेळेला साथ देईल की नाही, हे घरच्या घरी कसं तपासायचं? — एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, तुम्ही यंत्र विकत घेऊन थांबला नाहीत, ते तपासायचं कसं हे विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात खांब आणि तारा आडव्या झाल्या होत्या आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तशा वेळी एखादं बटण दाबायचं राहिलं म्हणून यंत्र बंद पडलं, तर सांगायला शेजारी कोणी नसतं आणि फोनही लागत नाही.

आधी पंप आणि अमेरिका यांचा निकाल लावू. पंपाचा विचार सोडून द्या. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, मोटर प्रत्यक्षात ओढते हजाराच्या आसपास, म्हणजे १८०० वॅटमध्ये बसेल असं वाटतं. पण सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट मागते. त्या झटक्याला यंत्र ओव्हरलोड दाखवून बंद होईल, आणि चाललाच पंप तरी तासाभरात बॅटरी रिकामी. वादळाचा इशारा आला की टाकी, पिंपं, हंडे भरून ठेवायचे, हाच त्यावरचा मार्ग. दिरांना सांगा, १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. शिवाय तिकडच्या यंत्रातून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ मिळतं. आपला फ्रिज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. तुमच्याही यंत्राच्या मागच्या पट्टीवर २३० आणि ५० हे दोन आकडे आणि ‘प्युअर साइन वेव्ह’ (म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच सलग लहरींची वीज) लिहिलंय का, ते आजच बघून घ्या.

आता खोक्यावरचे तास. १०२४ वॅट-अवर म्हणजे साधारण एक युनिट, महावितरणच्या बिलात येतं तेच. पण ते बॅटरीच्या पोटात असतं. प्लगपर्यंत येताना यंत्रातला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणारा भाग, त्यातला दहाएक टक्के खातो, म्हणजे उरलं ९२० धरा. त्याशिवाय एसीचं, म्हणजे भिंतीतल्यासारखी वीज देणाऱ्या सॉकेटचं, बटण नुसतं चालू असलं तरी यंत्र स्वतःसाठी तासाला दहा ते वीसेक वॅट-अवर घेत राहतं. आपण १५ धरू. मोठ्या उपकरणाला याचं काही वाटत नाही. छोट्याला फार वाटतं. १० वॅटचा राउटर लावला तर यंत्राचा स्वतःचा खर्च राउटरपेक्षा जास्त होतो.

सीपॅप साधारण ४० वॅट घेतं असं धरलं, तर ९२० भागिले ५५, म्हणजे सोळा-सतरा तास. खोक्यावरच्या २० तासांपासून हे फार लांब नाही. पण मशीनला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर जोडलेला असेल, तर सरासरी ८० वॅटच्या घरात जाते आणि तेच तास दहावर येतात. पावसाळ्यात कोकणच्या हवेतच इतकी ओल असते की लाइट नसताना ह्युमिडिफायर बंद किंवा कमी ठेवून चालेल का, हे सासऱ्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःच्या मनाने ठरवू नका.

सगळ्यात मोठा घोळ पंख्यात असतो. सीपॅप लावून माणूस झोपणार म्हणजे डोक्यावर पंखा फिरणारच. गावच्या घरातला जुना पंखा ७५ वॅटचा. आठ तासांचे झाले ६००. सीपॅपचे ३२०, यंत्राचे स्वतःचे १२०. बेरीज १०४०, आणि हाताशी ९२०. म्हणजे पहाटे कधीतरी, माणूस गाढ झोपेत असताना, सगळं एकदम बंद. तोच पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, लावला तर ३० वॅटचा, आठ तासांचे २४०. बेरीज ६८०, आणि सकाळी उठल्यावरही चहाच्या वेळेपर्यंत शिल्लक. दुसरी बॅटरी आणायच्या गोष्टी करण्याआधी त्या खोलीतला एक पंखा बदला. माझ्या मते तुमच्या पत्रातल्या प्रश्नावर सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच आहे.

हे सगळे आकडे धरून चाललेले आहेत. तुमचे खरे आकडे काढायला प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणा. भिंतीच्या प्लगमध्ये मीटर, मीटरमध्ये उपकरण, आणि पडद्यावर वॅट आणि खर्च झालेलं युनिट दिसतं. सीपॅपला तो एक पूर्ण रात्र लावून ठेवा, कारण दाब रात्रभर कमीजास्त होतो आणि पाच मिनिटांच्या वॅटवरून काही कळत नाही. फ्रिजला पूर्ण २४ तास लावा. साधा घरगुती फ्रिज दिवसाला अर्धं ते एक युनिट घेतो. यावरून एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा: सीपॅप आणि चोवीस तास फ्रिज, दोन्ही एका यंत्रावर होणार नाहीत.

मग यंत्राची स्वतःची परीक्षा. ही ठाण्यातच करा, परत करायची मुदत संपायच्या आत. पूर्ण चार्ज करा, भिंतीतून काढा, आता मीटर यंत्राच्या सॉकेटमध्ये लावा आणि त्यावर दोनशे वॅटच्या आसपासचा एकसारखा भार टाका. दोन जुने पंखे आणि टीव्ही चालतील. इस्त्री नको, ती मध्येच तापून बंद होते. यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढा. ०.८५च्या आसपास युनिट मिळालं तर बॅटरी चोख आहे. पाऊण युनिटाच्याही खाली राहिलं तर एकदा पुन्हा पूर्ण चार्ज करून बघा. लिथियम फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सारखं राहतं, त्यामुळे नव्या यंत्राचा टक्क्यांचा आकडा पहिल्यांदा चुकू शकतो. ३० टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडतं ते यामुळेच. एका पूर्ण फेरीनंतर ते बहुधा ताळ्यावर येतं. दुसऱ्यांदाही कमीच भरलं, तर फोटो लावून परत करा. पावसाळ्यात गावाहून बारा-तेरा किलोचं लिथियमचं खोकं दुरुस्तीला पाठवणं किती कठीण आहे, याचा विचार आत्ताच करायला हवा.

ज्या गोष्टीमुळे चांगली यंत्रंही ऐनवेळी दगा देतात ती खोक्यावर लिहिलेली नसते, सेटिंगमध्ये असते. बहुतेक यंत्रांत वीज वाचवण्यासाठी इको मोड असतो. भार फार कमी झाला की यंत्राला वाटतं आता कोणी वापरत नाही, आणि ठरावीक वेळाने ते एसी बंद करून टाकतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर थंडावा आला की थांबतो. तेवढ्यात यंत्र एसी बंद करतं, आणि कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू व्हायचं असतं तेव्हा वीजच नसते. सकाळी यंत्रावर ७० टक्के चार्ज दिसतो आणि फ्रिज कोमट. कमी दाबावर चालणाऱ्या सीपॅपचंही असं होऊ शकतं. ॲपमध्ये किंवा बटणांत शोधून इको मोड आणि ‘अमुक तासांनी एसी बंद’ ही वेळ, दोन्ही काढून टाका. त्यानंतर प्लग एकदा काढून, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि सेटिंग तसंच राहिलंय का ते पाहा. ॲप इंटरनेटशिवाय, नुसत्या ब्लूटूथवर चालतं का तेही याच वेळी मोबाइल डेटा बंद करून बघून घ्या. वादळात टॉवर आधी जातो.

फ्रिजची परीक्षा घेताना घाई नको. चालू फ्रिज बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरमधला दाब उतरू द्या, मगच यंत्रावर लावा. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका यंत्र पेलतं का हे एकदा बघून भागत नाही. पंखा आणि सीपॅप आधीपासून चालू असताना, आणि बॅटरी वीस टक्क्यांवर आलेली असतानाही बघा. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी एक छोटं थर्मामीटर ठेवा. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. दार न उघडलेला फ्रिज चारेक तास थंडावा धरून ठेवतो, म्हणून दर चार तासांनी तासभर फ्रिज चालवून तापमान ८च्या खाली राहतं का ते पाहा. राहिलं तर फ्रिज चोवीस तास चालवण्याची गरजच उरत नाही आणि सीपॅपच्या वाट्याची वीज वाचते. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर, फार उष्णता नसलेल्या जागी राहू शकतं. तुमच्या इन्सुलिनचा नेमका नियम सोबतच्या कागदावर असतो, तो सासूबाईंना वाचून दाखवा. साठ्यातल्या बाटल्यांसाठीच फ्रिजची धडपड आहे, हे कळलं की त्यांची अर्धी काळजी मिटेल.

सीपॅपसाठी आणखी एक सोय तपासून घ्या. बरीच सीपॅप मशीन्स आतून १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या कंपन्या गाडीच्या सॉकेटला लावायची केबल विकतात. पॉवर स्टेशनला तसलंच १२ व्होल्टचं सॉकेट असतं. त्यावर मशीन चाललं तर इन्व्हर्टर चालूच करावा लागत नाही आणि त्याचा खर्चही वाचतो. मात्र केबल मशीनच्या कंपनीचीच घ्या. बाजारातली ‘सगळ्याला चालते’ अशी केबल व्होल्टेज चुकवून मशीन बिघडवू शकते.

यंत्र कायम भिंतीला लावून त्यातून सीपॅप चालवणार असाल, तर लाइट गेल्यावर ते काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातं. चालू मशीनवर भिंतीतला खटका बंद करून बघा. मशीन न थांबता चालत राहिलं पाहिजे. लाइट असताना बहुतेक यंत्रं भिंतीतली वीज तशीच पुढे देतात, म्हणून गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या वेळीही हा प्रयोग करा. आणि विजा कडाडायला लागल्या की यंत्राचा प्लग भिंतीतून काढून घ्यायचा, ही सवय सासऱ्यांना लावा.

चार्जिंगकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, आणि गावात सगळा खेळ त्यावरच असतो. दिवसातून दीड-दोन तास लाइट आली तर तेवढ्यात बॅटरी किती भरते? हजार वॅटने चार्ज होणारं यंत्र सव्वा तासात जवळपास भरतं. पण जुन्या घरातलं छोटं सॉकेट म्हणजे जास्तीत जास्त ६ अँपिअर, साधारण १३८० वॅट, आणि तेही आतल्या तारा चांगल्या असतील तर. गावी पोचल्यावर यंत्र चार्जिंगला लावा आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर ॲपमधून चार्जिंगचा वेग निम्मा करा आणि वायरमनकडून ते सॉकेट १६ अँपिअरचं करून घ्या. सोलर पॅनेलवर पावसाळ्यात भिस्त ठेवू नका. जुलैच्या ढगांत २०० वॅटचं पॅनेल वीस-तीस वॅटवर येऊ शकतं. ऑक्टोबरपासून ते छान कामाला येईल.

इतकं सगळं ठाण्यात आणि गावी सुटं सुटं झालं की खरी तालीम. मे महिन्यात एका शनिवारी गावी जा, संध्याकाळी सातला मेन स्विच बंद करा आणि रविवारी सकाळपर्यंत चालू करू नका. अट एकच: तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी यंत्राला हात लावायचा नाही. अंधारात टॉर्च शोधण्यापासून सगळं सासू-सासऱ्यांनी करायचं. तेव्हा कळेल की एसीचं बटण मुख्य बटणापेक्षा वेगळं आहे आणि ते दोन सेकंद दाबून धरावं लागतं. पडदा अर्ध्या मिनिटात मावळतो आणि चष्म्याशिवाय टक्के वाचता येत नाहीत. सीपॅपची वायर पलंगापर्यंत पुरत नाही. यंत्राचा पंखा घोंघावला की सासूबाईंना वाटतं काहीतरी जळतंय. यातलं एकही कागदावर आधी सुचत नाही. जे जे अडेल ते तिथल्या तिथे दुरुस्त करा: बटणांशेजारी चिकटपट्टीवर ठळक अक्षरात ‘१ आधी हे’, ‘२ मग हे’ असं लिहा, वायर लांब आणा, यंत्राची जागा ठरवा. जागा जमिनीपासून वर, स्टुलावर, चारी बाजूंनी हवा लागेल अशी हवी. पागोळीचं पाणी येतं तिथे नको, चुलीजवळ नको, वर कापड झाकलेलं नको. एवढ्या वजनाची वस्तू सासऱ्यांना रात्री उचलावी लागू नये, म्हणून ती पलंगाशेजारीच राहू द्या.

गावातला कोणीतरी हौशी माणूस सुचवेल की दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर करा, यंत्रातून भिंतीच्या सॉकेटमध्ये घाला, सगळं घर चालेल. हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती वीज घरातून बाहेर तारांवर जाते आणि डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११,००० व्होल्टची होऊ शकते. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात ती जाईल. शिवाय त्या वायरची मोकळी पिन म्हणजे घरातल्याच कोणाला बसणारा झटका. उपकरणं, पंखासुद्धा, प्लगने थेट यंत्रालाच लावायची. घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची किंवा यंत्राची, एकच वीज घराला जोडणारा) बसवून घ्या. खरं तर सगळ्या घराचे दिवे-पंखे चालवायला १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर अजूनही स्वस्त पडतो आणि दापोलीत तो दुरुस्त करणारा माणूस मिळतो. तुमचं यंत्र सासऱ्यांच्या उशाशी ठेवायला उत्तम आहे, त्याला तेवढंच काम द्या.

ज्या वाचकांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे त्यांनी सीपॅपचा हा हिशेब आपल्याला लावू नये. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर तीनशे वॅटच्या वर घेतो. अशा एका यंत्रावर तो जेमतेम अडीच-पावणेतीन तास चालेल. तेवढ्यात भरलेला सिलेंडर लावता आला पाहिजे, म्हणून सिलेंडर घरात असलाच पाहिजे.

तालमीत सगळं नीट पार पडलं तर यंत्र गावीच ठेवा आणि जून ते ऑक्टोबर पूर्ण चार्ज राहू द्या. हिवाळ्यात साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी एकदा वापरून पुन्हा भरा, शून्यावर पडून राहू देऊ नका. सीपॅप एखादी रात्र बंदच राहिलं तर सासऱ्यांनी कसं झोपायचं, काय टाळायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद यंत्राच्या मागेच चिकटवा. आणि रविवारी सकाळी मेन स्विच चालू करायच्या आधी यंत्रावर किती टक्के उरले होते, पंखा कोणता होता, ह्युमिडिफायर चालू होता की बंद, एवढं मला कळवा. त्यावरून दुसऱ्या रात्रीसाठी काय करता येईल ते सांगतो.